हिशेब मागणारी सून

उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून 'मिरातुल उरूस' या पुस्तकाचे नाव घेतले जाते. नावाचा अर्थ नववधूचा आरसा. डेप्युटी नझीर अहमद यांचे हे पुस्तक १८६९ साली प्रसिद्ध झाले. उर्दू शाळेत शिकलेल्या बहुतेकांना त्यातल्या अकबरी आणि असगरी या दोन बहिणी ठाऊक असतात. थोरली अकबरी फटकळ, आळशी, लाडाने बिघडलेली. धाकटी असगरी हुशार, शांत, घर सांभाळणारी. वर्गात हा धडा आला की शिक्षक सांगतात, 'मुलींनो, असगरी व्हा.' मुली माना डोलावतात आणि धडा संपतो.

मी गेली बरीच वर्षे उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते. या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जाते ते वेगळ्या कारणासाठी. कादंबरी म्हटले की आपल्याला प्रेम, विरह, युद्ध किंवा खून आठवतो. मिरातुल उरूसमधला सर्वांत रंगलेला भाग यांपैकी कशाचाच नाही. तो आहे वाण्याच्या उधारीचा. घरात किती माल आला, खात्यावर किती लिहिला गेला आणि खरे देणे किती, हे एक नवी सून शोधून काढते, त्याची ही गोष्ट. दीडशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय मुस्लिम घराचा जमाखर्चच त्यात आपल्यासमोर उलगडतो.

आधी लेखकाविषयी थोडे. नझीर अहमद बिजनौर जिल्ह्यातले. लहानपणी शिकायला दिल्लीला आले आणि औरंगाबादी मशिदीच्या मदरशात राहिले. मशिदीतल्या गरीब विद्यार्थ्यांची तेव्हाची रीत अशी की मोहल्ल्यातल्या घरोघरी जाऊन भाकरी गोळा करायची आणि बदल्यात घरची पडेल ती कामे करायची. पुढे ते दिल्ली कॉलेजात शिकले, शिक्षण खात्यात नोकरीला लागले. भारतीय दंडविधानाच्या उर्दू भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता आणि त्यानंतर ते महसूल खात्यात वर चढत डेप्युटी कलेक्टर झाले. १८७७ साली पहिल्या सालारजंगांनी त्यांना हैदराबाद संस्थानात बोलावून घेतले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे भाकरीच्या तुकड्यापासून सरकारी महसुलापर्यंत पैशाच्या सगळ्या पायऱ्या या माणसाने चढलेल्या होत्या. कागद कसा वाचायचा आणि कागदाआड काय लपते, हे त्यांना चांगले माहीत होते.

हे पुस्तक त्यांनी आपल्या मुलीसाठी लिहिले. रोज थोडे लिहायचे आणि तिला वाचायला द्यायचे. त्या वेळच्या वायव्य प्रांताचे शिक्षण संचालक केम्पसन यांच्या हाती ते लागले. प्रांताच्या सरकारने उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे देण्याची योजना १८६८ साली जाहीर केली होती. त्यातून या पुस्तकाला १,००० रुपयांचे बक्षीस मिळाले, लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनी स्वतःच्या वतीने एक घड्याळ दिले आणि सरकारने २,००० प्रती विकत घेतल्या. वीसेक वर्षांत एक लाखाहून अधिक प्रती छापल्या गेल्या. बंगाली, गुजराती, पंजाबी, काश्मिरी भाषांत भाषांतरे झाली. मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ साली आली. तिचा विषय विधवांचे दुःख. दोन्ही भाषांतल्या कादंबरीची सुरुवात घरातल्या बाईपासून झाली, हा योगायोग मी वर्गात आवर्जून सांगते.

मामा अजमत आणि वाण्याचे खाते

आता गोष्टीकडे येऊ. असगरी लग्न होऊन सासरी येते. सासरे लाहोरला एका रईसाकडे नोकरीला. ते घरखर्चाला पैसे पाठवतात. घरात सासू, नवरा आणि लहान नणंद. सगळा कारभार मामा अजमतच्या हाती. मराठी वाचकांनी इथे गोंधळू नये, उर्दूत 'मामा' म्हणजे घरकाम करणारी बाई. अजमत या घरात वर्षानुवर्षे काम करते आहे. सौदासामान तीच आणते, भाव तीच ठरवते, उधारी तीच करते आणि पैसे आले की देणेही तीच देते. घरातल्या बायका पडद्यात. बाजार त्यांनी पाहिलेला नाही, वाण्याची वही पाहिलेली नाही. कर्ज वाढत चालले आहे एवढेच सर्वांना माहीत आहे. ते का वाढते, हे कोणी विचारत नाही.

असगरी विचारते. पण पहिल्याच दिवशी भांडण काढत नाही. आधी नुसती बघते. मामा जो भाव सांगते आणि बाजारात जो भाव चालू आहे, त्यांत फरक दिसतो. जेवढा माल आला म्हणतात तेवढा डब्यात भरत नाही. हळूहळू अजमतच्या लक्षात येते की ही सून आपल्याला जड जाणार. मग ती सासूचे कान भरते, सुनेविषयी खोटेनाटे सांगते आणि हजारीमल वाण्याच्या तगाद्याची भीती घालते. गरीब घरात धनकोची भीती फार चालते. दारात तगादा आला की माणसे हिशेब विचारत नाहीत, फक्त अब्रू वाचवायला बघतात. अजमतला हे पक्के ठाऊक होते.

असगरी मात्र सासऱ्यांना लाहोरहून बोलावून घेते आणि सगळ्या देणेकऱ्यांना आपापली खाती घेऊन यायला सांगितले जाते. वाणी येतो, कापडवाला येतो, इतर दुकानदार येतात. एकेक नोंद वाचली जाते आणि घरात विचारले जाते, ही वस्तू आली होती का? हळूहळू उघड होते की या घरात कधी न आलेल्या वस्तू या घराच्या नावावर लिहिलेल्या आहेत. त्या मामाच्या स्वतःच्या घरी गेल्या होत्या. काही ठिकाणी घरातून पैसे दिले गेले, पण ते दुकानापर्यंत पोहोचलेच नाहीत. अजमतला घराबाहेर काढले जाते. पुढे त्याच पैशांत घर चालते, बरे चालते आणि शिल्लकही पडते.

थोरल्या अकबरीची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिच्याकडे हजला जाऊन आल्याचे सोंग घेतलेली एक बाई येते. सुरुवातीला चांगली वस्तू अगदी स्वस्तात देते. अकबरीचा विश्वास बसतो. मग दागिने उजळून देते म्हणून ती बाई सगळे दागिने घेऊन जाते, ती परत येत नाही. आज मोबाइलवर 'फक्त आजच्या दिवस' म्हणून अर्ध्या किमतीत काहीतरी विकणारे आणि पाठोपाठ ओटीपी विचारणारे जे लोक आहेत, त्यांची ही पणजीच म्हणायची. पद्धत तीच आहे. आधी छोटा फायदा दाखवायचा, मग मोठी वस्तू मागायची.

अजमतची बाजू

या कादंबरीवर टीकाही झाली आहे आणि ती रास्त आहे. असगरी इतकी निर्दोष आहे की ती हाडामांसाची वाटत नाही. लेखक शरीफ घराण्यांच्या नजरेने जग बघतो आणि त्याच्या जगात चोरी करते ती नोकर. आज ही गोष्ट शिकवताना मी मुलींना विचारते, मामा अजमतचा पगार किती असेल? तिच्या म्हातारपणाची सोय काय होती? इतकी वर्षे ज्या घराने सगळे तिच्यावर टाकले, त्या घराने तिला कधी हिशेब मागितला होता का?

यावर वर्गात चांगली चर्चा होते. एका मुलीने म्हटले होते, 'टीचर, चावी पण तिच्याकडे, कुलूप पण तिच्याकडे.' मला वाटते या गोष्टीचा इतिहास म्हणून जो अर्थ आहे, तो त्या मुलीने पकडला. दोष केवळ एका बाईच्या नियतीचा नव्हता. दुकानदार आणि घर यांच्या मध्ये एकच व्यक्ती उभी होती आणि दोन्ही बाजू फक्त तिलाच दिसत होत्या. घराला वही दिसत नव्हती, दुकानदाराला घर दिसत नव्हते. अशी जागा जिथे जिथे तयार होते, तिथे तिथे अजमत तयार होते. मग तिचे नाव, जात, धर्म काहीही असो.

त्याच काळात आपल्याकडे

दिल्लीत हे पुस्तक गाजत होते, त्याच काळात महाराष्ट्रात हाच प्रश्न घराघरातून रस्त्यावर येत होता. फक्त इथे वाण्याच्या खात्याऐवजी सावकाराचे खत होते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला मोठी मागणी आली. भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सावकार हात आखडता घेऊ लागला आणि जुन्या कर्जाचा तगादा सुरू झाला. याच्या जोडीला कायद्याची एक गाठ होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांची केली होती. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये. घडले उलटे. सावकार दर तीन वर्षांनी जुने खत रद्द करून नवे लिहून घेऊ लागले आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून धरू लागले.

याचा परिणाम किती होतो, ते मी एका उदाहरणाने सांगते. आकडे माझे आहेत, गणित मात्र तेव्हाचेच. १०० रुपये कर्ज, महिन्याला शेकडा २ रुपये व्याज, मध्ये काहीच फेडले नाही. सरळ व्याजाने नऊ वर्षांनी देणे होते ३१६ रुपये. पण दर तीन वर्षांनी नवे खत केले तर पहिल्या तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६ आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपये. कर्ज तेच, दर तोच. फरक फक्त कागद बदलल्याचा. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नव्हते, म्हणजे देणे २०० रुपयांवर थांबायला हवे होते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याखाली ही तीनशे रुपयांची तफावत होती.

लोकांनी आधी वाटाघाटीचा मार्ग धरला, हे फारसे कुणी सांगत नाही. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या डिसेंबरात गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची कामे करायची नाहीत, हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही. आजूबाजूच्या गावांनी हाच मार्ग धरला. मग १२ मे १८७५ रोजी सुपे गावात बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला आणि त्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, वह्या मागितल्या गेल्या आणि जाळल्या गेल्या.

मला या घटनेत आणि असगरीच्या गोष्टीत एक नाते दिसते आणि एक मोठा फरकही. दोन्हीकडे राग वहीचा आहे. असगरी वही मागून घेते आणि वाचते. शेतकऱ्याला ती वाचता येत नव्हती, म्हणून त्याने ती जाळली. जोतिराव फुले शूद्रातिशूद्रांच्या अवनतीचे मूळ अविद्येत का शोधत होते, ते इथे कळते. त्यांच्या दृष्टीने अक्षर ही शोभेची वस्तू नव्हती. अक्षर नसेल तर शेत जाते, हा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्यातली गंमत अशी की त्याने न्यायाधीशाला असगरीचे काम करायला सांगितले. समोर आलेल्या खतावरचा आकडा डोळे झाकून मान्य करायचा नाही. पहिल्या व्यवहारापर्यंत मागे जायचे, मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती, हे तपासायचे आणि मग खरे देणे ठरवायचे. शिवाय शेतकरी ऋणकोला तीन हक्क मिळाले: पैसे दिले की पावती, वर्षाला खात्याचा उतारा आणि मागितल्यास हिशेबाची नोंद असलेले पासबुक. कायद्याने सावकारी संपली नाही. पण ऋणको हिशेब मागू शकतो, ही गोष्ट कागदावर आली.

लिहून ठेवा

मुस्लिम वाचकांसाठी ही गोष्ट नवी असायला नको. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कोणती, असे विचारले तर अनेकांना नमाज किंवा रोजा यांविषयीची आयत आठवते. प्रत्यक्षात ती सूरह बकरामधली २८२ वी आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारी. मुदतीचे देणेघेणे कराल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर सांगण्याचा अधिकार ज्याच्यावर देणे आहे त्याचा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. त्यातही देणेकऱ्याने मजकूर सांगायचा, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. जो दुबळा आहे त्याच्या तोंडून कागद तयार व्हावा, म्हणजे सबळाला मनाचे काही घालता येणार नाही. त्याआधीच्या दोनच आयतींवर, ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असेही सांगितले आहे. म्हणजे हिशेब कडक आणि वसुली मऊ. आपण व्यवहारात नेमके उलटे करतो. नातेवाइकांना उसने देताना 'आपल्याच माणसाला काय लिहून मागायचे' म्हणतो आणि दोन वर्षांनी त्याच पैशांवरून बोलणे बंद करतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या फिकहमध्ये बाईची मालमत्ता तिची स्वतःची असते. मेहर तिचा, वारसाहक्काचा हिस्सा तिचा, कमाई तिची. हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण ज्या बाईला आपल्या नावावर काय आहे आणि काय देणे आहे हेच माहीत नाही, तिचा हा हक्क कागदावरच राहतो.

भाषेकडे बघितले तरी गंमत वाटते. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, कर्ज, तगादा, फायदा, नुकसान हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. उर्दू आणि मराठी शिकणाऱ्या मुलांना मी सांगते, दोन्ही भाषांत तुमची कविता वेगळी असेल, पण तुमची खतावणी एकच आहे. त्यातलाच एक शब्द हप्ता. फारसीत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत त्याचा अर्थ झाला कर्जफेडीचा भाग. आणि आता आमच्या मोहल्ल्यात तो पुन्हा आठवड्यावर येऊन थांबला आहे.

हप्ता माहीत आहे, बाकी माहीत नाही

ज्या वस्त्यांमधून माझ्या विद्यार्थिनी येतात, तिथे आठवड्यातून एकदा बायकांचा गट जमतो आणि वसुली होते. विनातारण छोटी कर्जे. कुणी शिलाई मशीन घेतले, कुणी मुलीच्या लग्नासाठी घेतले, कुणी आधीचे कर्ज फेडायला घेतले. एकदा पालकसभा संपल्यावर एक आई माझ्याकडे आपले कार्ड घेऊन आली. म्हणाली, 'बाजी, हप्ता माहीत आहे, बाकी माहीत नाही.' कार्ड इंग्रजीत होते. आम्ही दोघी बसलो. कर्जातून सुरुवातीलाच विम्याची रक्कम कापलेली होती, हे तिला तेव्हा कळले. अठरा हप्ते उरले होते. आणि वसुलीला येणारा माणूस तिला सांगत होता, हे बंद करून नवे मोठे कर्ज घ्या, हातात चार पैसे येतील.

मला लगेच १८५९ चा कायदा आठवला. जुने खत फाडायचे, नवे लिहायचे.

आपल्याला माहीत असायला हवे की रिझर्व्ह बँकेने २०२२ साली अशा कर्जांसाठी नियम लागू केले आहेत. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज त्यात येते. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कार्ड मिळाले पाहिजे आणि त्यावर व्याज, शुल्क, हप्ते यांची नोंद हवी. विमा वगैरे गोष्टी कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच देता येतात. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही.

त्या आईने मराठीतले कार्ड आणि खात्याचा उतारा लेखी मागितला. दोन आठवडे टोलवाटोलवी झाली, मग मिळाला. विम्याचे पैसे परत आले नाहीत. पण तिने नवे कर्ज घेतले नाही, उरलेले हप्ते संपवले आणि गटातल्या आणखी चौघींनी आपापली कार्डे मागून घेतली. वसुलीवाला त्यांच्याशी आता जरा जपून बोलतो, असे ती हसत सांगते.

वर्गातला जमाखर्च

नववीच्या मुलींना मी वर्षातून एकदा घरचे विजेचे बिल आणायला सांगते. भाषेच्या तासाला हे कशाला, असे सहकारी विचारतात. माझे उत्तर असे की बिल हाही एक उताराच आहे आणि तो दर महिन्याला घरी येतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क हे शब्द आम्ही फळ्यावर लिहितो. घरगुती वापराचा दर १०० युनिटांपर्यंत एक आणि त्यापुढे वेगळा असतो, हे मुली स्वतः शोधून काढतात. मागचे आणि चालू रीडिंग वजा करून युनिट बरोबर आहेत का ते बघतात. एखादीला बिलावर प्रत्यक्ष रीडिंगऐवजी सरासरीने आकारणी केलेली दिसते. मग आम्ही मीटरचा फोटो आणि तारीख जोडून तक्रारअर्ज कसा लिहायचा ते शिकतो. अर्जलेखन अभ्यासक्रमात आहेच. फक्त आमच्या अर्जाखाली खरे नाव असते आणि तो खरोखर पाठवला जातो.

असगरीकडून घेण्यासारखे मला यात चार गोष्टी दिसतात. एक, भांडणाआधी बघणे. महिनाभर फक्त लिहून काढा, कुठे किती जाते. दोन, एकूण आकडा मागू नका, तपशील मागा. 'एवढे झाले' म्हणणाऱ्याला 'कशाचे कशाचे?' हा प्रश्न विचारता आला पाहिजे. तीन, बोलणी करताना सगळ्या बाजू एकत्र बसवा. मध्यस्थाकडून निरोप पाठवून भाव कमी होत नाही. चार, भीती वाटत असताना सही करू नका. अब्रूची भीती घालणारा माणूस बहुधा हिशेब दाखवायला तयार नसतो.

आणि एक गोष्ट असगरीला न सुचलेली, आपण करण्यासारखी. घरकामाच्या बाईचा पगार, सुट्टी, उचल हे तिच्यासमोर लिहून तिलाही एक प्रत द्या. वही दोन्ही बाजूंनी वाचता येणारी हवी. नाहीतर आपण फक्त आपल्यापुरती असगरी होऊ आणि समोरच्याची अजमत करून टाकू.

पुस्तकात पुढे असगरी आपल्या घरात मुलींची शाळा काढते. तिथे मुली शिवण शिकतात, वाचायला शिकतात आणि हिशेबही शिकतात. नझीर अहमदांनी त्या शाळेवर 'बनातुन नअश' नावाचे वेगळे पुस्तकच लिहिले. वाण्याचे खाते मिटल्यावर ती स्वस्थ बसली नाही, हे मला तिच्या सगळ्या गुणांपेक्षा मोठे वाटते. एका घराचे बिल कमी झाले तर एक घर सुटते. पुढच्या दहा मुलींना वही वाचता आली, तर त्यांच्या दहा घरांत हजारीमलच्या तगाद्याला कोणीतरी शांतपणे म्हणेल, 'बसा, आधी हिशेब दाखवा.'